बिल्ला ६१४ च्या एकोणीस ओळी

सात सह्या हव्या होत्या. चार मी तीन आठवड्यांत आणल्या. पाचवी माझी स्वतःची. सहावी सरांची, ती अडून बसली होती. आणि सातवी ज्याची हवी होती तो माणूस दीड वर्षापूर्वी गेला होता. त्याला खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

सह्या कशावर, ते आधी सांगतो. आमचा एक प्रोग्रॅम होता. कापडाची वीण कॉम्प्युटरच्या पडद्यावर काढायची, आणि मागावर कोणता धागा केव्हा उचलायचा याचा नकाशा त्यातून तयार व्हायचा. मिल चालू होती तेव्हा हेच काम लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकून करत. खुंटी असली की धागा वर, नसली की खाली. मिल बंद पडली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि विणाई खात्यात शिकाऊ होतो. एका सोमवारी फाटकाला कुलूप होतं. आत मागांवर अर्धं विणलेलं कापड तसंच राहिलं, ते पुढे वर्षानुवर्षं तसंच होतं. मी रडत बसलो नाही. मागांचे सुटे भाग विकले, मग जुने टाइपरायटर, मग इंदूरच्या मल्हारगंजात जिन्यावर एक खोली घेऊन कॉम्प्युटर जोडून द्यायला लागलो. प्रोग्रॅम लिहायला पुस्तकातून शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, आणि कोणी शिकवलं असं म्हटलं तर मी भांडतो.

प्रोग्रॅमचा पहिला सांगाडा सरांचा. ते इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांनी तो इंटरनेटवर ठेवला आणि सोबत एक लायसन्स ठेवलं: कोणीही घ्या, वापरा, बदला, पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर त्यातलं सगळं लिखाण उघडं करून द्या, याच अटींवर. आणि ज्याने जी ओळ लिहिली ती त्याचीच राहील. म्हणजे कधी अटी बदलायच्या झाल्या तर झाडून सगळ्यांचा होकार लागणार. त्या वेळी मी हे वाचलंसुद्धा नाही. काम आवडलं, सुरू केलं. पाच वर्षांत अर्ध्याहून जास्त प्रोग्रॅम मी लिहिला. इचलकरंजीचा एक मागवाला, भिवंडीचा एक इंजिनियर, इरोडचा एक मास्तर, जर्मनीतला एक विद्यार्थी, यांनी थोडा थोडा. आणि राहिलेला बिल्ला ६१४ ने.

बिल्ला ६१४ म्हणजे आमचे उस्ताद. मिलमध्ये ते जॉबर होते, माग दुरुस्त करायचे आणि विणकरांवर देखरेख करायचे. मिल बंद झाल्यावर माझ्या दुकानात येऊन बसायचे. एक दिवस पडद्याकडे बघून म्हणाले, "अरे, हे तर खुंटी आहे का नाही, एवढंच आहे." दोन वर्षांत ते माझ्यासारखंच लिहायला लागले. आपण लिहिलेल्या भागावर नाव टाकायचं असतं. त्यांनी नाव टाकलं नाही, मिलच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर टाकला. सरांना ते आवडलं. मला काही फरक पडत नव्हता.

मग अहमदाबादची एक कंपनी आली. नवे इलेक्ट्रॉनिक माग बनवणारी. तेव्हा देशाचा बाजार खुला झाला होता, बाहेरच्या मशिनी येत होत्या, आणि त्यांना आमचा प्रोग्रॅम आपल्या मागात बसवून हवा होता, पण बंद करून. लिखाण कोणाला दाखवायचं नाही. बदल्यात इंदूरला त्यांचं डिझाइनचं ऑफिस, आणि ते माझ्या हाताखाली. बारा माणसं मी निवडायची. त्यातली आठ मिलमधली घ्यायची असं मी मनाशी ठरवलंही होतं. कोणी म्हणेल, आता बोलायला काय जातं. ठरवलं होतं, एवढंच सांगतो. अट एकच: सातही जणांनी लिहून द्यायचं की जुनं लायसन्स सोडून आम्ही हे कंपनीला नव्या अटींवर देत आहोत.

सरांकडे गेलो.

"सर, फक्त तुमची सही राहिली."

"आपण लोकांना काय लिहून दिलं होतं ते वाचलंस?"

"तेव्हा आपण भोळे होतो."

"तू कधी होतास रे भोळा?" सर हसले. मग गंभीर झाले. "उस्तादांच्या घरून होकार आण. त्यांच्या बायकोला नीट समजावून. मग मी अडवणार नाही."

हे मला अवघड वाटलं नाही. अडचण वेगळीच होती, आणि ती मी सरांना बोललो नाही. उस्ताद गेल्यानंतरही ६१४ च्या नावाने काम येत होतं. पहिल्यांदा ते पडद्यावर दिसलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो होतो. प्रोग्रॅमची एक नोंदवही असते. कोणी, कधी, कोणती ओळ घातली ते तिच्यात आपोआप उमटतं. वेळ कॉलेजच्या मशीनची, आपल्याला बदलता येत नाही. तिथे लिहिलेलं: बिल्ला ६१४, सकाळी साडेसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. साडेअकराला थांबायचं, बाराला सुरू व्हायचं, पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीसारखं. तीन-सव्वातीनला बंद. हात तोच, ओळींमध्ये जागा सोडायची सवय तीच. आठवडाभर मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर आधी तेच बघायचो. मग सवय झाली. काम चांगलं होतं. चांगलं काम फुकट येत असलं तर मी कोण करतंय ते विचारत नाही. घरातल्या कोणी शिकून घेतलं असेल, असं मनाला सांगितलं आणि पुढे गेलो.

सुदामा नगरला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. मी दार ढकललं आणि पाठमोरे उस्ताद दिसले. तोच बाक, तीच डावीकडे झुकलेली मान, खांद्यावर पंचा. मग तो माणूस वळला, आणि तो दुसराच होता.

माग सगळ्यांची पाठ एकसारखी वाकवतो. हे मला माहीत असायला हवं होतं.

मी त्याला ओळखलं. मिलमध्ये बदली होता. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा करायचा तो बदली. रोज सकाळी फाटकाशी थांबायचं, पुकारलं तर आत, नाही तर घरी. हा बारा वर्षं उस्तादांच्या हाताखाली असाच आत-बाहेर करत होता, कायम झाला नाही. विणकर मागांच्या गोंगाटात ओठांवरून बोलणं ओळखतात. त्याची ती खोड गेली नव्हती. माझ्याकडे बघून त्याचे ओठ हलले, आवाज नंतर आला.

"या, सेठजी. वाट चुकलात का?"

"तू इथे काय करतोस?"

"काम."

काकू पाणी घेऊन आल्या. "तो रोज येतो," त्या म्हणाल्या. "हे आजारी पडले तेव्हापासून. यांना बसवत नव्हतं. हे खाटेवरून सांगायचे, तो करायचा."

"आणि नंतर? उस्ताद गेल्यावर कोण सांगतं?"

"आता मला येतं," बदलीवाला म्हणाला.

"मग नाव त्यांचं का टाकतोस? ६१४ का?"

त्याला माझा प्रश्नच समजला नाही. काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भिया, तुम्ही मिलमध्ये होता ना? बदलीने विणलेलं कापड कधी बदलीच्या नावावर चढलंय का? ज्याचा माग, त्याचा बिल्ला. मला कुठे बिल्ला होता?"

आमच्या मिलमध्ये तसंच होतं, खरंच. रजिस्टरात कापड चढायचं ते गैरहजर माणसाच्या नंबरावर. हा तीच रीत घेऊन कॉम्प्युटरवर बसला होता, आणि दीड वर्षं एका गेलेल्या माणसाची हजेरी भरत होता.

मी भडकलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, माझं ऑफिस जाईल तुझ्या या शहाणपणापायी.

"आवाज खाली," काकू म्हणाल्या. "इथे माग चालू नाहीत."

मी बसलो. थंड डोक्याने सौदा केला, तेवढं मला येतं. काकू उस्तादांच्या ओळींसाठी सही करतील. बदलीवाला त्याच्या ओळींसाठी, स्वतःच्या नावाने. काकू लगेच हो म्हणाल्या. "त्यांना आवडलं असतं का नसतं, आता कुठे विचारू," एवढंच बोलल्या. बदलीवाला तयार होईना. त्याचं म्हणणं, त्यात माझं काहीच नाही. मी त्याला सांगितलं, ऑफिस झालं की पहिला माणूस तू, कायम, स्वतःच्या ओळखपत्रावर स्वतःचा फोटो.

"फोटो रंगीत?" त्याने विचारलं.

"रंगीत."

"मग बघू."

कंपनीची वकीलबाई फोनवर फार सावध होती. तिने सांगितलं, ६१४ च्या प्रत्येक ओळीपुढे कोणाची ते लिहा, नाही तर कागद उपयोगाचा नाही. म्हणून चार दिवस मी आणि बदलीवाला त्या खोलीत बसलो. मी ओळी छापून नेल्या होत्या. तो बोट ठेवून सांगत गेला. ही त्यांची. ही माझी. ही त्यांनी सांगितली, मी घातली, त्यांची लिहा. एकदाही अडखळला नाही. विणकराला आपलं कापड ओळखू येतं, मीही ते मानतो. मी लाल आणि निळ्या पेन्सिलीने खुणा करत होतो आणि कितीतरी दिवसांनी माझं डोकं शांत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्याचं बोट थांबलं.

"ही कोणाची?"

"तू सांगायचं."

"माझी नाही." त्याने पुढच्या ओळीवर बोट नेलं. मग पुढच्या. एकोणीस ओळी. कापडाच्या काठाशी आडवा धागा वळून परत येतो, त्या वळणाचा तो भाग होता. "या मी नाही लिहिल्या."

"मग उस्तादांच्या."

"तारीख बघा ना, सेठजी."

नोंदवहीचे छापील कागद काढले. तारीख उस्ताद गेल्यानंतरची होती. मी मनात दिवस मोजले आणि कागद खाली ठेवला. तो त्यांच्या तेराव्याचा दिवस होता. वेळ दुपारी बारा चाळीस.

तेराव्याला मी त्याच खोलीत जेवायला बसलो होतो. सुदामा नगरात त्या दिवशी अकरापासून तीन तास वीज गेली होती. बायका पंख्याने वारा घालत होत्या. कॉम्प्युटरवर पांढरी चादर टाकली होती, आणि चादरीला टेकवून उस्तादांचा हार घातलेला फोटो. माझी पाठ त्या टेबलाकडे होती. बदलीवाला माझ्यासमोर बसून पंगतीत वाढणाऱ्या माणसाला हात आडवा करत होता. साडेबारा ते एक आम्ही सगळे तिथे होतो. काकूंनाही ते आठवत होतं.

आणखी एक गोष्ट फक्त मला माहीत होती. आदल्या दिवशी मी काठाच्या भागात एक बदल केला होता, आणि त्यात चूक केली होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती. मलाच ती नंतर लक्षात आली, आणि बघतो तर दुरुस्त झालेली. त्या एकोणीस ओळी माझी चूक दुरुस्त करणाऱ्या होत्या. आधी लिहून ठेवून नंतर पाठवल्या, असंही म्हणायला जागा नव्हती.

"तूच केलंस," मी बदलीवाल्याला म्हणालो. "कुठूनतरी. आता ऐन वेळी मला नाचवतोस."

"मला तर रंगीत फोटो पाहिजे," तो म्हणाला. "मी कशाला झूठ बोलू?"

सरांनी कॉलेजच्या मशीनवर शोधलं. ते काम इंदूरच्याच टेलिफोनच्या लाइनीवरून आलं होतं, उस्तादांच्या पासवर्डने. "वीज नसली तरी टेलिफोनची लाइन चालू असते," सर म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. "पण लाइनीला टाइप करता येत नाही."

मी म्हटलं, ठीक आहे. एकोणीस ओळी काय, मी एका बैठकीत लिहीन. त्या काढून टाकतो, माझ्या घालतो, प्रश्न मिटला. दुकानात आलो, शटर उघडंच ठेवलं, आणि तो भाग पुसला. माझ्या पद्धतीने लिहिला. पडद्यावर कापड काढून बघितलं. काठाशी एक धागा खालीच राहिला. पुन्हा लिहिलं. धागा वर आला, पण दुसरा राहिला. दुपारभर मी तेच करत होतो. गिऱ्हाईक आलं, त्याच्यावर ओरडलो, ते गेलं. चार-साडेचारला काठ सरळ आला. शेवटपर्यंत एकही धागा चुकला नाही. मी जिन्यात जाऊन चहा पिऊन आलो, आणि मग आपण काय लिहिलंय ते नीट वाचायला बसलो.

एकोणीस ओळी होत्या. त्याच. मी छापील कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघितलं. सातव्या ओळीनंतर एक मोकळी ओळ सोडलेली होती. मी कधीच तशी सोडत नाही. मला मोकळ्या ओळीचा राग येतो, उस्तादांशी त्यावरून मी भांडलोही होतो. ती ओळ मी केव्हा सोडली ते मला आठवत नव्हतं. दुपारच्या त्या शेवटच्या तासातलं काहीच नीट आठवत नव्हतं. हात मात्र दुखत होते, मनगटापासून कोपरापर्यंत. कॉम्प्युटरवर बसून तिथे दुखत नाही, खुंट्या ठोकून दुखतं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं नाही. इतकंच सांगितलं की एकोणीस ओळींचा मालक सापडत नाही, आणि मी नव्या लिहिल्या त्या अक्षर न अक्षर तशाच आल्या.

"तो आपने ही लिखी हैं ना?" ती म्हणाली. "आप साइन कर दीजिए. बात खतम." मग जरा थांबून, समजावल्यासारखं: कोणी दावा करणार नाही. ज्यांचा नंबर आहे त्यांच्या पत्नीने सही दिली आहे, दुसरा माणूस नाही म्हणतो आहे. उरलात तुम्ही. कागद तयार आहे.

ते खोटंही नव्हतं. बोटं माझी होती. माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर, माझ्या विजेवर. आयुष्यात मी दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवला नाही असं मी म्हणणार नाही. मागांचे सुटे भाग विकले तेव्हा कोणते कुठून आले ते मी विचारलं नव्हतं. पेन हातात होतं. सहीच्या जागेवर वकीलबाईने पेन्सिलीने फुली मारून पाठवली होती. त्या फुलीवर पेन टेकवलं आणि मला स्पष्ट वाटलं की आता सही करीन ती माझी उमटणार नाही, तो नंबर उमटेल. मी पेन उचललं. दुसऱ्या कागदावर सही करून बघितली, ती माझीच आली. परत फुलीशी आलो आणि हात पुढे जाईना.

"मॅडम," मी म्हणालो, "वो मेरी नहीं हैं."

"तो फिर किसकी हैं?"

"पता नहीं. मेरी नहीं हैं."

तिने आणखी दोनदा फोन केला, मग केला नाही. कंपनीने सुरतेच्या एका पोराकडून दुसरा प्रोग्रॅम लिहून घेतला. तो आमच्याहून वाईट आहे, काठाशी धागा सोडतो, मी जाऊन बघून आलो. ऑफिस सुरतेला झालं.

सरांनी माझं कौतुक केलं. मी त्यांना सांगितलं, तुमचं लायसन्स वाचवायला मी हे केलेलं नाही. ज्या कागदाने सगळ्यांना सगळं दिलं, त्याने मला काय दिलं, हे मी त्यांना आजही विचारतो. बदलीवाल्यावरचा माझा राग गेलेला नाही. एवढं तरी म्हणाला असता की माझ्या आहेत, तर त्या खोट्याने आठ घरांत पगार गेला असता. तो म्हणतो, "जे मी विणलं नाही ते कसं घेऊ, भिया?" बारा वर्षं दुसऱ्याच्या नावावर विणलं तेव्हा नाही सुचलं हे. पण त्या चार दिवसांच्या कामाचा एक उपयोग झाला. सरांनी लेखकांच्या यादीत त्याच्या ओळींपुढे त्याचं नाव घातलं. तो यादीचा छापील कागद घडी करून खिशात ठेवतो आणि कोणी न मागता दाखवतो.

एकोणीस ओळींपुढची जागा सरांनी रिकामी सोडली. मी आणि बदलीवाल्याने नवीन बदल घालताना तो भाग उघडायचं टाळलं, आपसात न ठरवता. प्रोग्रॅम इचलकरंजीत चालतो, इरोडला चालतो, आता बांगलादेशातही कोणी वापरतं म्हणतात. तिथून लोक चुका कळवतात, वेगवेगळ्या भागांतल्या. काठाची तक्रार अजून कोणी केलेली नाही.